ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज हाताने वाढवताना

या कार्डाच्या कोअरचं, म्हणजे चित्र काढणाऱ्या मुख्य चिपचं, व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून बदलत नव्हतं. स्लायडर सरकायचा, पडद्यावरचा आकडाही बदलायचा, पण चिपजवळच्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावला की वाचन जिथल्या तिथे. व्होल्टेज कंट्रोलर साधा ॲनालॉग होता, बाहेरून हुकूम घ्यायची सोयच त्यात नव्हती. अशा कार्डावर जास्त वेगासाठी व्होल्टेज चढवायचं तर बोर्डावर एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा रोध, जोडणं हाच मार्ग उरतो. पुढे जे लिहिलं आहे ते त्याच कामाबद्दल आहे. आकडे त्या एका कार्डाचे आहेत, ते दुसऱ्या कार्डावर जसेच्या तसे चालणार नाहीत. ते काढायची रीत मात्र चालेल.

सोल्डरिंगचं लोखंड तापवण्याआधी दोन दिवस नुसत्या नोंदी घेण्यात गेले आणि ते दिवस अजिबात वाया गेले नाहीत. मूळ व्होल्टेजवर कार्ड कुठवर जातं हेच माहीत नसेल तर वाढीव व्होल्टेजने काय मिळालं ते कसं कळणार? कोअरचा मूळ वेग १००० मेगाहर्ट्झ होता. दहा-दहाने वाढवत १०९० पर्यंत तो टिकला, ११०० ला ड्रायव्हर कोसळायला लागला. म्हणजे पहिले ९० मेगाहर्ट्झ फुकटचे. व्होल्टेजच्या खात्यावर जे मांडायचं ते त्यापुढचं. मेमरीचा वेग या सगळ्या काळात मूळ आकड्यावरच ठेवला. दोन्ही एकदम वाढवले की चूक कोअरची की मेमरीची हे ओळखताना डोकं फिरतं.

त्याच दिवसांत कूलर उघडून जुनी पेस्ट काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसली आणि नवी लावली. थर्मल पॅड बदलताना जाडी नीट मोजली. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा पॅड बसवला तर मेमरीच्या चिपा खूश होतात, पण हीटसिंक कोअरवरून केसभर उचलला जातो आणि कोअरचं तापमान एकदम चढतं. व्हीआरएमच्या, म्हणजे कोअरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाच्या, मॉसफेटवर (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचांवर) या कार्डात हीटसिंकच नव्हता. तो बसवला. व्होल्टेज वाढवल्यावर सगळ्यात जास्त हाल मॉसफेटचे होतात, आणि बहुतेक जुन्या कार्डांत त्यांचं तापमान सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मॉसफेटच्या कडेला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवला. इन्फ्रारेड बंदुकीने मोजणार असाल तर चकचकीत धातूवर नेम धरू नका, वाचन खरं असतं त्यापेक्षा बरंच कमी येतं. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

आता मोजमापाची जागा. कोअरचं व्होल्टेज कॉइलच्या चिपकडच्या पायावर मिळतं. त्याच्या शेजारच्या आउटपुट कपॅसिटरच्या धन टोकावरही मिळतं. ऋण प्रोब मात्र त्याच कपॅसिटरच्या ऋण टोकावर हवा, पॉवर सप्लायच्या काळ्या वायरवर नाही. शंभर-सव्वाशे ॲम्पिअर वाहत असताना ग्राउंडमध्येही काही मिलिव्होल्ट पडतात, आणि इथे तर हिशोबच मिलिव्होल्टांचा आहे. चालू कार्डावर हाताने प्रोब टेकवणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. प्रोब अर्धा मिलिमीटर घसरला आणि १२ व्होल्टची रेषा कोअरच्या रेषेला टेकली की चिप त्याच क्षणी संपते, पुढे काहीच करता येत नाही. म्हणून कार्ड बंद असतानाच दोन्ही टोकांना पातळ वायर सोल्डर करून त्या कार्डाबाहेर आणल्या आणि मीटर कायमचा जोडून ठेवला. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवला. साध्या मीटरलाही तिथे १ मिलिव्होल्टचा फरक दिसतो. अचूकता अर्धा टक्का धरली तरी १.१ व्होल्टवर ती पाच-सहा मिलिव्होल्टच होते. आपल्याला फरक बघायचा असतो, त्यामुळे तेवढं चालतं. मीटरची बॅटरी तेवढी नवी घाला. उतरलेल्या बॅटरीवर बरेच मीटर जास्त वाचन दाखवतात.

तर वाचन असं मिळालं: थ्रीडी वेगावर (खेळासाठीच्या पूर्ण वेगावर) पण लोड नसताना १.१०० व्होल्ट, पूर्ण लोडवर १.०६४. हे ३६ मिलिव्होल्ट लोडखाली खाली बसतात, आणि लोड सुटला की व्होल्टेज परत वर उसळतं. ही उसळी मीटरला दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. तिचं खरं टोक ऑसिलोस्कोपवरच दिसतं. त्यामुळे मर्यादा ठरवताना लोड नसतानाचा आकडा धरायचा आणि त्यावरही थोडी जागा मोकळी सोडायची. अनेकजण लोडखालचा आकडा बघून ‘अजून वाव आहे’ म्हणतात, तिथेच चुकतं.

या सगळ्या कामाचं मर्म कंट्रोलरच्या फीडबॅक पिनमध्ये आहे, तेव्हा इथे थोडं थांबू. कंट्रोलरला आउटपुटचं व्होल्टेज थेट दिसत नाही. आउटपुटपासून एक रेझिस्टर फीडबॅक पिनपर्यंत येतो, त्याला वरचा म्हणू. पिनपासून दुसरा ग्राउंडला जातो, तो खालचा. या दोघांच्या मधलं व्होल्टेज कंट्रोलर आपल्या आतल्या ठरावीक संदर्भ-व्होल्टेजशी ताडून बघतो. या कंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) संदर्भ ०.६ व्होल्टचा होता. पिनवर ०.६ पेक्षा कमी दिसलं की तो आउटपुट वाढवतो, जास्त दिसलं की उतरवतो. आता खालच्या रेझिस्टरला समांतर आणखी एक रोध जोडला की पिनवरचं व्होल्टेज किंचित उतरतं, कंट्रोलरला वाटतं आउटपुट कमी पडलं, आणि तो ते चढवतो. म्हणजे कंट्रोलरला चुकीचं वाचन दाखवून त्याच्याकडून जास्त व्होल्टेज घ्यायचं.

पिन शोधायला कंट्रोलरवरचा क्रमांक वाचून डेटाशीट मिळवली. क्रमांक पुसट असेल तर तिरका उजेड आणि भिंग, याला पर्याय नाही. अंदाजाने पिन ठरवू नका. फीडबॅकच्या शेजारी बहुधा कॉम्प पिन असते, आणि तिथे रोध जोडला तर कंट्रोलरचा तोल जाऊन आउटपुट डळमळतं. पिन कळली की मीटरच्या कंटिन्युइटीने, म्हणजे जोड असेल तर बीप करणाऱ्या चाचणीने, तिला जोडलेले रेझिस्टर शोधले. सोल्डर करायचं ते रेझिस्टरच्या पायाला. पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात, तिथे दोन पिनांमध्ये सोल्डरचा पूल व्हायला क्षणही लागत नाही.

इथे कंटिन्युइटीबद्दल एक सूचना. कोअरच्या रेषेपासून ग्राउंडपर्यंत मीटर लावला तर तो बीप करतो, आणि पाहणारा घाबरतो की कार्ड शॉर्ट झालं. तसं नसतं. मोठ्या जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, स्वतःचा रोधच इतका कमी असतो. या कार्डावर तो १.८ ओहम होता, नव्या मोठ्या चिपांवर एक ओहमपेक्षाही कमी सापडतो. काम सुरू करण्याआधी हा आकडा लिहून ठेवा आणि सोल्डरिंगनंतर परत मोजा. तो बदलला नसेल तर कोअरच्या रेषेला धक्का लागलेला नाही.

याच कमी रोधामुळे पुढचं मोजमाप फसवतं. कार्ड मशीनमधून काढून, सगळ्या वायरी सोडवून, फीडबॅक पिन ते ग्राउंड मोजलं: ५४५ ओहम. प्रोब उलटे करून परत मोजलं, आकडा तोच आला. तो बदलला असता तर मीटरचा प्रवाह कंट्रोलरच्या आतल्या एखाद्या डायोडमधून जातोय असं समजायचं. वाचन हळूहळू चढत असेल तर कपॅसिटर भरतोय, ते थांबेपर्यंत वाट बघायची. पण हे ५४५ म्हणजे खालचा रेझिस्टर नव्हे. वरच्या रेझिस्टरचं दुसरं टोक आउटपुटला आहे आणि आउटपुट चिपमधून जवळपास ग्राउंडलाच टेकलेलं आहे. म्हणून मीटरला दिसतात ते दोन्ही रेझिस्टर एकमेकांना समांतर. खालचा एकटा मोजला असं धरून चालणारे पुढे चुकीचा हिशोब करतात.

हे फसवं वाचनच खरं तर सगळ्यात उपयोगी ठरतं. गणित करून बघितलं तर वाढीचं प्रमाण अगदी सोपं निघतं: मोजलेला रोध भागिले जोडलेला रोध. ५४५ ओहम मोजलेत आणि त्याच्या वीस पट, म्हणजे १०.९ किलोओहम जोडले, तर व्होल्टेज बरोबर पाच टक्के वाढतं. जुने हौशी लोक ‘वीस पटीचा ट्रिमपॉट लावा’ म्हणतात ते याच कारणाने; ट्रिमपॉट म्हणजे स्क्रू फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर. त्या आकड्याच्या वर राहिलात तर वाढ पाच टक्क्यांच्या आत राहते. संदर्भ व्होल्टेज माहीत असेल तर रेझिस्टर न उपटता दोन्हींची किंमतही काढता येते. ५४५ ला १.१ ने गुणून ०.६ ने भागलं की वरचा येतो १००० ओहम, आणि त्यावरून खालचा १२००. मग मिलिव्होल्टांतली वाढ म्हणजे सरळ ६०० भागिले जोडलेला रोध किलोओहममध्ये. २४ किलोओहमला २५ मिलिव्होल्ट, १२ ला ५०, ६ ला १००. हा तक्ता कागदावर लिहून मीटरशेजारी ठेवला होता. प्रत्यक्ष वाचन तक्त्यापासून पाच-सात मिलिव्होल्टपेक्षा जास्त हललं की काहीतरी चुकलंय, असा नियम केला.

कमाल मर्यादा आठ टक्के ठरवली, हवेच्या कूलरवर रोज वापरायच्या कार्डासाठी त्यापलीकडे जाणं शहाणपणाचं नाही असं स्पष्ट मत आहे. या मर्यादेची राखण ट्रिमपॉटच्या स्क्रूवर सोडायची नसते. फीडबॅक पिन ग्राउंडला थेट टेकली तर कंट्रोलरला आउटपुट शून्य दिसतं आणि तो जमेल तितकं व्होल्टेज वर ओढतो. अति-व्होल्टेजचं संरक्षण असतं ना, असं कुणी म्हणेल. अनेक कंट्रोलर ते संरक्षण फीडबॅक पिनवरच बघून करतात, आणि आपण नेमकी तीच पिन फसवलेली असते. म्हणून ट्रिमपॉटच्या ओळीत ६.८ किलोओहमचा पक्का रेझिस्टर घातला. ट्रिमपॉट पूर्ण शून्यावर गेला तरी वाढ ८८ मिलिव्होल्टच्या पुढे जात नाही. हा पाच मिलिमीटरचा तुकडा नसलेला मॉड (बोर्डातला असा फेरफार) आम्ही चालू करणार नाही. तो जोडायचा फीडबॅकच्या बाजूला, अगदी पायालगत, म्हणजे पुढची वायर तुटून ग्राउंडला लागली तरी तो मध्ये उभा राहतो.

ट्रिमपॉट पंचवीस फेऱ्यांचा घेतला. किंमत निवडताना आधी ५० किलोओहमचा मनात होता, पण हिशोब केल्यावर तो सोडला. वाढ रोधाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे फेऱ्यांचा परिणाम एकसारखा नसतो. ५० किलोओहमच्या ट्रिमपॉटवर एक फेरी २ किलोओहमची. सुरुवातीला एका फेरीत अर्धा मिलिव्होल्टही हलत नाही, आणि शेवटच्या एका फेरीत व्होल्टेज ६८ वरून थेट ८८ मिलिव्होल्ट वाढीवर उडी मारतं. फिरवणाऱ्याला आधी वाटतं काही होतच नाही, तो जोराने फिरवतो, आणि घात होतो. २० किलोओहमच्या ट्रिमपॉटवर फेरी ८०० ओहमची होते, सुरुवात २२ मिलिव्होल्टपासून होते आणि शेवटची फेरीही नऊच मिलिव्होल्टांची. तोच घेतला.

त्याचा मधला पाय एका कडेच्या पायाला जोडून टाकला. आतला सरकता स्पर्श कधी सुटला तर रोध एकदम कमाल होतो, म्हणजे व्होल्टेज खाली येतं. मग मीटर लावून तो पूर्ण कमालीवर फिरवला. दुकानातून आलेला ट्रिमपॉट कुठल्याही जागी असू शकतो, तो तसाच जोडणं म्हणजे आंधळेपणा.

सोल्डरिंग. टोक बारीक छिन्नीचं, तापमान ३३० अंश, ६३-३७ चा शिसेयुक्त सोल्डर. तो १८३ अंशांवर वितळतो, बोर्डावरचा शिसेविरहित मात्र २१७ च्या पुढे, म्हणून पायावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायचा पदार्थ) आणि थोडा शिसेयुक्त सोल्डर देऊन मूळ सोल्डरमध्ये मिसळून घेतला. लोखंड दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं नाही. चिकटलं नाही तर उचलायचं, थंड होऊ द्यायचं, परत फ्लक्स लावायचा. दाबून धरल्याने काम होत नाही, पॅड उखडतो. वायर पाव मिलिमीटर जाडीची, एकतारी. सोल्डर करण्याआधीच ती कॅप्टॉन टेपने बोर्डाला बांधली, म्हणजे हाताचा हिसका पॅडपर्यंत पोचत नाही. एक मिलिमीटर लांबीच्या रेझिस्टरचा पॅड इतका नाजूक असतो की लोंबणारी वायरसुद्धा तो उपटू शकते. ट्रिमपॉट कार्डाच्या कडेला गरम गोंदाने चिकटवला. सगळी वायर मिळून तीन सेंटीमीटरच्या आत ठेवली. फीडबॅक पिन संवेदनशील असते, लांब वायर शेजारच्या कॉइलचा गोंगाट उचलून तिच्याकडे नेते आणि व्होल्टेज थरथरायला लागतं. दुसरी वायर कंट्रोलरजवळच्याच ग्राउंडला जोडली.

फ्लक्स मन लावून धुतला. ब्रश, अल्कोहोल, पुसणं, परत अल्कोहोल. ही सौंदर्याची बाब नाही. काही फ्लक्सचा उरलेला थर ओलावा धरतो आणि थोडी वीज वाहून नेतो. दहा-वीस किलोओहमचा खेळ चालू असलेल्या पिनवर असा थर म्हणजे आपण न जोडलेला आणखी एक समांतर रोध. कार्ड धुतल्यावर तासभर वाळू दिलं.

वीज देण्याआधी तीन वाचनं घेतली. कोअर ते ग्राउंड १.८ ओहम, पहिल्यासारखंच. फीडबॅक ते शेजारची पिन, पूल नाही. फीडबॅक ते ग्राउंड आता ५३४ ओहम. ५४५ ला २६.८ किलोओहम समांतर जोडल्यावर हेच यायला हवं, म्हणजे जोड पक्का आहे. जर ५४५ च दिसले असते तर कुठेतरी कोरडा सोल्डर, ५०५ च्या आसपास असते तर ट्रिमपॉटची दिशा उलटी, आणि त्याच्याही खूप खाली असते तर कुठेतरी शॉर्ट.

पहिल्यांदा चालू करताना एक बोट पॉवर सप्लायच्या मागच्या स्विचवर आणि नजर मीटरवर. पडद्याकडे बघायचंच नाही. ठरवून ठेवलं होतं की १.२० च्या वर आकडा दिसला की विचार न करता बंद. वाचन आलं १.१२३. तक्ता म्हणत होता १.१२२. त्या एका मिलिव्होल्टने जो विश्वास दिला तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आलेखाने दिला नसता. सॉफ्टवेअरमध्ये तर आकडा अजून १.१०० च दिसत होता आणि शेवटपर्यंत तोच दिसत राहिला. मॉड केलेल्या कार्डाचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमध्ये वाचायचं नसतं हे इथे डोळ्यांनी दिसतं.

पुढचं काम सावकाशीचं आहे. थोडं व्होल्टेज, मग वेग पाच-दहा मेगाहर्ट्झने, मग अर्धा तास लोड, मग नोंद. स्क्रू फिरवायला प्लॅस्टिकचा पेचकस वापरला. धातूचं टोक चालू कार्डावर फीडबॅकच्या जवळ नेणं नको. आकडे असे आले: २२ मिलिव्होल्टला १११५ मेगाहर्ट्झ, ४० ला ११४०, ५५ ला ११५५, ६६ ला ११६५. ८० मिलिव्होल्टला फक्त ११७०. शेवटच्या चौदा मिलिव्होल्टांनी पाचच मेगाहर्ट्झ दिले आणि मॉसफेटचं तापमान मात्र सहा अंशांनी चढवलं. तिथून मागे आलो.

उष्णतेचा हिशोब कठोर आहे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. १०९० वरून ११६५ म्हणजे वेग सात टक्के. व्होल्टेज सहा टक्के, त्याचा वर्ग बारा टक्के. दोन्ही मिळून वीस टक्के जास्त उष्णता, सात टक्क्यांच्या वेगासाठी. मूळ १००० मेगाहर्ट्झशी तुलना केली तर वीज एकतीस टक्क्यांनी वाढली, प्रवाह सुमारे साडेतेवीस टक्क्यांनी. मॉसफेटमधली वहनाची उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिथे निम्म्याहून अधिक वाढ. म्हणून मॉसफेटवर आधी हीटसिंक, मग ट्रिमपॉट. त्यांच्या पृष्ठभागाचं तापमान ९५ अंशांच्या आत ठेवायचं ठरवलं होतं, ते ८८ वर थांबलं. शेजारचे कपॅसिटर १०५ अंशांचे असतात आणि उष्णतेत त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, ही ९५ ची मर्यादा मुख्यतः त्यांच्यासाठी.

कनेक्टरचाही हिशोब घालायला हवा. स्लॉट ७५ वॅट, सहा पिनांचा कनेक्टर ७५, आठ पिनांचा १५०. या कार्डाला सहा पिनांचे दोन होते, एकूण २२५, आणि गरज त्याच्या आत राहिली. एकच सहा पिनांचा कनेक्टर असलेल्या, आधीच १५० च्या काठावर बसलेल्या कार्डावर हा मॉड करू नये. वाढीव भार स्लॉटवर जातो आणि तो मदरबोर्डाचे कॉन्टॅक्ट जाळतो.

बिघाड वाचायला शिकलात तर निम्मं काम सोपं होतं. चित्रात क्षणभर चमकणारे ठिपके, बहुभुजांचे लुकलुकणारे तुकडे ही कोअरच्या वेगाला व्होल्टेज कमी पडत असल्याची खूण. चौकटींचा नियमित जाळीसारखा नमुना बहुतेक वेळा मेमरीचा. पडदा दोन-चार सेकंद गोठून ‘ड्रायव्हर पूर्ववत झाला’ असा संदेश आला तर विंडोजने चिपच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघून ड्रायव्हर परत चालू केलेला असतो, आणि त्याचंही कारण बहुधा कोअरच असतं. पण पडदा काळा होऊन पंखा पूर्ण वेगाने घोंघावायला लागला, किंवा सगळं मशीनच बंद पडलं, तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे कंट्रोलरचं अति-प्रवाह संरक्षण किंवा पॉवर सप्लाय हात वर करतो. त्यावर व्होल्टेज आणखी वाढवणं हा नेमका उलटा उपाय, कारण प्रवाह आणखी वाढेल. आणि व्होल्टेजचा आकडा वायरला बोट लावल्यावर हलत असेल तर वायर लांब आहे. कार्ड तापल्यावरच हलत असेल तर सोल्डरचा जोड कच्चा आहे, तो परत करा. मीटरवर १.१५ आणि १.१२ च्या मध्ये उगाच नाचणारा आकडा घेऊन चाचणी पुढे रेटू नका.

चाचणीसाठी युनिजिनचे डेमो (कार्डाला ताण देणारी थ्रीडी दृश्यं) आणि रोजचे खेळ दोन्ही वापरले. फरमार्क हा कार्डावर प्रचंड भार टाकणारा प्रोग्रॅम फक्त दोन मिनिटं, तेही मॉसफेटचं तापमान कुठवर जातं ते बघायला. तो इतकी वीज ओढतो की त्यावर तासन्‌तास कार्ड ठेवण्यात परीक्षेपेक्षा शिक्षाच जास्त आहे.

आता ज्यांच्याकडे नवं कार्ड आहे त्यांना कळकळीने सांगायचं आहे: बहुतेकांना लोखंड हातात घ्यायची गरज नाही. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं तापमान आणि विजेच्या मर्यादेप्रमाणे स्वतःच वेग ठरवतात, आणि २०१६ च्या पास्कल पिढीपासून आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबला की व्होल्टेज आणि वेगाचा वक्र बिंदूबिंदूने बदलता येतो. पास्कलवर सॉफ्टवेअरची कमाल मर्यादा १.०९३ व्होल्टची आहे. पण बहुतेक कार्डं तिथे पोचण्याआधी विजेच्या मर्यादेला डोकं आपटतात. अशा कार्डाला जास्त व्होल्टेज दिलं तर ते विजेच्या मर्यादेला आणखी लवकर लागतं आणि वेग उलट घटतो. तिथे व्होल्टेज कमी करणं हाच वेग वाढवण्याचा मार्ग. वक्रावर एक बिंदू निवडा, समजा ०.९५० व्होल्ट, तो हव्या वेगावर उचला, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच उंचीवर सपाट करा आणि टिकतंय का बघा. टिकलं तर व्होल्टेज आणखी एक पायरी खाली. जुन्या ॲनालॉग कार्डावरही असंच करता येतं. रोध खालच्या ऐवजी वरच्या रेझिस्टरला समांतर जोडला की व्होल्टेज उतरतं, आणि तिथे काही शॉर्ट झालंच तरी आउटपुट ०.६ व्होल्टच्या संदर्भावर येऊन थांबतं, चिप जळत नाही. पहिल्यांदा सोल्डर करणाऱ्याने सरावाला हाच मॉड करावा.

विजेची मर्यादा फसवायला शंट रेझिस्टरवर (ज्यावरून कार्ड आपली वीज मोजतं) दुसरा रेझिस्टर चढवतात, त्याबद्दल थोडक्यात. ५ मिलिओहमवर ५ चाच चढवला तर कार्डाला निम्मीच वीज दिसते, म्हणजे मर्यादा दुप्पट. हे फार होतं. १५ मिलिओहमचा चढवला तर एकूण ३.७५ होतात आणि मर्यादा एक-तृतीयांशाने वाढते. स्लॉटच्या शंटला हात लावू नका.

शेवटी ट्रिमपॉट काढून टाकला. तो शोधण्यासाठी असतो, राहण्यासाठी नाही. पंख्याच्या कंपनाने स्क्रू सरकतो, धुळीने आतला स्पर्श खराब होतो. ६६ मिलिव्होल्टसाठी एकूण रोध ९.१ किलोओहम लागतो आणि हा आकडा बाजारात एक टक्क्याच्या रेझिस्टरमध्ये सरळ मिळतो. ट्रिमपॉट आणि ६.८ चा तुकडा काढून तिथे एकच ९.१ किलोओहम फीडबॅकच्या पायालगत सोल्डर केला, वर कॅप्टॉन टेप लावला. मीटरवर लोड नसताना १.१६६, पूर्ण लोडवर १.१२४. मोजायच्या दोन वायरी तशाच ठेवल्या आहेत. महिन्यातून एकदा मीटर लावून आकडा वहीत लिहायचा. व्होल्टेज तेच असून ११६५ वर ठिपके दिसायला लागले तर चिप झिजायला लागली असं धरून वेग १० मेगाहर्ट्झने उतरवायचा, व्होल्टेज चढवायचं नाही.